१६ अब्ज पासवर्ड फुटल्याची बातमी वाचली, आता नक्की काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. '१६ अब्ज पासवर्ड फुटले' ही जून २०२५ मधली बातमी फिरत फिरत तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आली. तुम्ही रात्री घरच्या लॅपटॉपवर बसून ईमेल, बँक, फेसबुक, वीजबिल अशा सगळ्यांचे पासवर्ड बदललेत आणि नवे पासवर्ड वहीत लिहून ठेवलेत. बाबांनी इतका धसका घेतला की त्यांनी यूपीआयच बंद करून टाकलं. आता तुम्ही विचारताय, अशी बातमी दर आठवड्याला येते, तर दर वेळी हे सगळं करायचं का? की या बातम्या वाचणंच सोडून द्यायचं? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'लॅपटॉप घरात सगळेच वापरतात, मुलगा त्यावर गेम खेळतो.'

मी पुण्यात लहान सहकारी बँका, पतसंस्था आणि छोट्या कंपन्यांच्या संगणक-सुरक्षेचं काम करते. अशी बातमी आली की आमच्याकडे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तुमचाच असतो, 'सगळं बदलायचं का?' तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मात्र लॅपटॉपबद्दलचं ते शेवटचं वाक्य. कारण त्या बातमीतले बरेचसे पासवर्ड लोकांच्या अशाच रोजच्या वापरातल्या संगणकांमधून गेलेले आहेत.

बातमी मुळात काय होती ते पाहू. सायबरन्यूज या संकेतस्थळाच्या संशोधकांना इंटरनेटवर काही काळ उघडे राहिलेले चोरीच्या माहितीचे ३० साठे सापडले होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यात साडेतीन अब्जांहून अधिक नोंदी होत्या, आणि सगळ्या साठ्यांची बेरीज १६ अब्ज. जगाची लोकसंख्याच ८ अब्जांच्या आसपास आहे, तेव्हा ही १६ अब्ज माणसं नाहीत हे उघड आहे. एकाच माणसाची अनेक खाती असतात, आणि तीच नोंद वेगवेगळ्या साठ्यांत पुन्हा पुन्हा येते. गूगल, ॲपल किंवा फेसबुकच्या सर्व्हरवर दरोडा पडलेला नव्हता. तरी ही नावं मथळ्यात झळकली, कारण चोरीला गेलेल्या नोंदींमध्ये त्यांच्या लॉगिनच्या पानांचे पत्ते होते. तुमच्या घराची किल्ली तुमच्या खिशातून मारली गेली आणि पेपरात छापून आलं की कुलूप कंपनी लुटली, असा तो प्रकार झाला.

मग हा माल आला कुठून? बराचसा आला 'इन्फोस्टीलर' नावाच्या प्रोग्राममधून. हा संगणकात शिरतो, काही क्षणांत ब्राउझरमध्ये साठवलेलं सगळं गोळा करतो, ते बाहेर पाठवतो आणि बरेचदा स्वतःला पुसूनही टाकतो. संगणक हळू होत नाही, पडद्यावर खंडणीची मागणी येत नाही, त्यामुळे घरात कुणाला काही कळत नाही. यातल्या 'लुमा' नावाच्या इन्फोस्टीलरवर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही देशांच्या तपास यंत्रणांसोबत कारवाई केली. त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांना त्याची लागण झाल्याचं कंपनीने सांगितलं होतं. हा एकट्या लुमाचा आकडा आहे, असे प्रोग्राम बाजारात पुष्कळ आहेत.

अशी चोरीची फाइल दिसते कशी ते सांगते, कारण आमच्या कामात ती पाहावी लागते. प्रत्येक लागण झालेल्या संगणकाचा एक फोल्डर. त्यात पासवर्डची साधी मजकूर-फाइल. एका ओळीत साइटचा पत्ता, खाली युजरनेम, त्याखाली पासवर्ड, मग रेघ आणि पुढचं खातं. सगळं उघड, वाचता येईल असं. शेजारी कुकीजचा, म्हणजे तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरच्या छोट्या नोंदींचा, फोल्डर. ब्राउझरने फॉर्म भरायला लक्षात ठेवलेले नाव, पत्ता, फोन नंबर. संगणकावर कोणकोणते प्रोग्राम आहेत त्याची यादी. आणि बरेचदा एक स्क्रीनशॉट, प्रोग्राम चालू झाला त्या क्षणी पडद्यावर जे होतं त्याचा. या स्क्रीनशॉटमध्ये पुष्कळदा चोर घरात कसा शिरला तेच दिसतं. मागे 'फुल व्हर्जन फ्री'चा यूट्यूब व्हिडिओ उघडा असतो, समोर झिप फाइल, आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना. डीटीपीच्या दुकानात फोटोशॉपचा क्रॅक (म्हणजे परवाना न घेता फुकट चालवायची चोरटी सोय), हिशेबनिसाकडे अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा क्रॅक, आणि घरात गेमचा क्रॅक किंवा चीट, म्हणजे गेममध्ये लबाडीने जिंकून देणारा प्रोग्राम. माझ्या कामात आजवर जे पाहिलं त्यात ही वाट सगळ्यात जास्त वेळा दिसली.

आता तुमच्या त्या रात्रीच्या कष्टांकडे येते. तुम्ही सगळे पासवर्ड बदललेत, पण ते कुठे बसून बदललेत? त्याच लॅपटॉपवर. लॅपटॉप स्वच्छ असेल तर काहीच बिघडलेलं नाही. पण त्यात असं काही बसलेलं असेल आणि अजून चालू असेल, तर जुने पासवर्ड बाद करून तुम्ही नवे टाइप केलेत आणि तेही गेले. म्हणून पासवर्ड बदलण्याआधी मी नेहमी विचारते, कोणत्या यंत्रावर बदलणार? हा प्रश्न बातम्यांमध्ये सहसा येत नाही, आणि मला त्याची फार चीड येते. 'ताबडतोब सर्व पासवर्ड बदला' एवढं छापून मोकळं होता येतं, पण चुकीच्या यंत्रावर बदलले तर माणसाला सुरक्षित झाल्याचं खोटं समाधान मिळतं.

इथून पुढचं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती मला इथून दिसत नाही. मुलाला शांतपणे विचारा. रागावू नका, रागावलात तर तो सांगणार नाही, आणि आत्ता त्याचं खरं उत्तर आपल्याला हवंय. गेम कुठून घेतो? स्टीमसारख्या अधिकृत दुकानातून घेत असेल किंवा ब्राउझरमध्येच खेळत असेल, तर काळजी कमी. 'क्रॅक', 'मॉड', 'चीट' असं काही उतरवलं असेल, आणि विशेषतः कधी अँटिव्हायरस बंद करून काही बसवलं असेल, तर लॅपटॉप दूषित आहे असं धरून चला. अँटिव्हायरसने 'सगळं ठीक' म्हटलं तरी अशा वेळी मी त्यावर विसंबत नाही. फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून घ्या, प्रोग्रामच्या फाइली घेऊ नका, आणि विंडोज नव्याने बसवून घ्या. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे देणार असाल तर विंडोज मूळ परवान्याचीच हवी, हे बजावून सांगा. नाहीतर विंडोजच क्रॅक असलेली मिळते आणि आपण फिरून तिथेच येतो.

लॅपटॉपचा निकाल लागेपर्यंत पासवर्डचं काम तुमच्या फोनवरून करा. पुन्हा सगळे बदलायची गरज नाही. आधी ईमेल. तुमच्या बाकीच्या खात्यांचा 'पासवर्ड विसरलात?' हा दुवा येतो तो ईमेलवर, त्यामुळे ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात बाकी सगळं. ईमेलचा पासवर्ड बदलला की 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' करा. हे महत्त्वाचं आहे, कारण मघाशी म्हटलेल्या कुकीज. तुम्ही एकदा लॉगिन केलंत की ब्राउझर कुकी जपून ठेवतो, म्हणून रोज पासवर्ड विचारला जात नाही. ती कुकी चोराच्या हाती लागली तर त्यालाही विचारला जात नाही, ओटीपीसुद्धा नाही. काही सेवांमध्ये पासवर्ड बदलला की जुनी लॉगिनं आपोआप बंद होतात, काहींमध्ये होत नाहीत, म्हणून ते स्वतः करून टाकायचं. मग सेटिंगमध्ये दोन जागा बघा: रिकव्हरीसाठी तुमचाच फोन नंबर आहे ना, आणि तुमची पत्रं आपोआप दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर फॉरवर्ड तर होत नाहीत ना. एका छोट्या कारखान्यात पासवर्ड बदलूनही बिलांचे ईमेल बाहेर जात होते, कारण फॉरवर्डिंगचा तो नियम कुणी उघडून पाहिलाच नव्हता. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, चालू करा. पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्याच कुलपाने (बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन) लॉगिन करायची सोय दिसली तर तीही घ्या, तिच्यात चोराने उचलून नेण्यासारखा पासवर्डच नसतो.

ईमेलनंतर बँक, आणि मग ज्या ज्या ठिकाणी एकच पासवर्ड वापरला होता ती खाती. बाकीची सावकाश झाली तरी चालतील. पाककृतींच्या साइटवरचं खातं आणि बँकेचं खातं एकाच घाईने बदलत बसलं की माणूस थकतो, आणि थकला की सगळीकडे पुन्हा एकच पासवर्ड ठेवतो.

वहीबद्दल तुम्ही जरा संकोचून लिहिलंय. संकोचू नका. घरात, कपाटात ठेवलेल्या वहीत शिरणारा इन्फोस्टीलर अजून निघालेला नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तो पहिल्या झटक्यात नेतो, वहीतले नेऊ शकत नाही. वहीचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका आणि वही पर्समध्ये घेऊन फिरू नका, एवढंच. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं ॲप, शिकायची तयारी असेल तर उत्तमच. नसेल तर वहीमुळे प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवता येत असेल, तर माझ्या मते वही चांगली.

दर महिन्याला पासवर्ड बदलायचा जुना शिरस्ताही सोडून द्या. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनेच २०१७ मध्ये तो सल्ला मागे घेतला, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या शिफारशींतून ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची अट काढून टाकली. कारण मी बँकांमध्ये रोज पाहते. सक्तीने बदलायला लावलं की 'नाशिक@२०२४'चं 'नाशिक@२०२५' होतं, आणि हे चोरालाही ठाऊक असतं. पासवर्ड फुटल्याचं कारण असेल तेव्हा बदलायचा. तो फुटलाय का हे पाहायला 'हॅव आय बीन पोन्ड' ही ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेली साइट आहे. तिथे तुमचा ईमेल पत्ता टाका, कोणकोणत्या चोरीत तो आलाय ते दिसतं. बँकेचा किंवा ईमेलचा चालू पासवर्ड मात्र 'फुटलाय का तपासा' म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर टाइप करायचा नाही. मोठी बातमी आली की असं तपासून देण्याचं आमिष दाखवणाऱ्या बनावट साइटी निघतात.

काही मंडळी या बातमीवर म्हणाली, 'जुनाच माल आहे, लक्ष देऊ नका.' तेही मला पटत नाही. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या कंपनीच्या सेवेत माहिती ठेवणाऱ्या सुमारे १६५ संस्थांना चोरांनी लक्ष्य केलं. तिकीटविक्री करणारी तिकीटमास्टर आणि अमेरिकेतली फोन कंपनी एटी अँड टी यांच्या माहितीची चोरी त्यातलीच. तिथे वापरलेले काही पासवर्ड इन्फोस्टीलरने २०२० मध्येच नेलेले होते, चार वर्षांत कुणी ते बदलले नव्हते आणि त्या खात्यांना दुसरी पायरीही लावलेली नव्हती. माल जुना असला तरी कुलूप तेच असेल तर किल्ली लागतेच. म्हणून तुम्ही हालचाल केलीत हे चांगलंच केलंत. आधी लॅपटॉप, मग पासवर्ड, एवढा क्रम तेवढा हवा होता.

बातम्या वाचायच्या की नाही, याबद्दल. वाचा, पण प्रत्येक बातमीला एक प्रश्न विचारा: यातलं माझं काय गेलं, आणि ते बदलता येण्यासारखं आहे का? पासवर्ड बदलता येतो. पण २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या सुमारे ३ कोटी १० लाख ग्राहकांची माहिती टेलिग्रामच्या बॉटवरून विकायला ठेवल्याची बातमी आली, त्यात फोन, पत्ते आणि वैद्यकीय अहवालही होते. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या आणि तिच्या भागीदार कंपन्यांच्या मिळून सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली, पासपोर्टच्या तपशिलांसकट. त्याच वर्षी डॉमिनोजच्या भारतातल्या १८ कोटी ऑर्डरींची माहिती बाहेर आली. तुमची जन्मतारीख, तुमचा पत्ता, तुमचं झालेलं ऑपरेशन कुठल्याही सेटिंगमध्ये बदलता येत नाही.

अशा बातमीवर करायचं काम वेगळं आहे, आणि ते घरातल्या सगळ्यांना समजवावं लागतं, विशेषतः ज्येष्ठांना. पूर्वी फोनवरच्या माणसाला आपला पॉलिसी नंबर, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे माहीत असले की तो खरा, असं आपण धरायचो. आता तसं धरता येत नाही. ही माहिती कितीतरी लोकांकडे आहे. फोनवरचा माणूस तुमच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगत असला तरी त्याने एवढंच सिद्ध होतं की त्याच्याकडे यादी आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनमध्ये ज्येष्ठ माणसं फसतात त्यामागे हेच असतं. पोलिसी गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर त्यांचं नाव, पत्ता, बँक अचूक सांगतो, आणि तिथे त्यांचा धीर सुटतो. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कुठल्याच कायद्यात नाही, हे घरात जेवताना दोन-चारदा बोलून ठेवा. संकटाच्या क्षणी नवीन ऐकलेलं आठवत नाही, घोळलेलं आठवतं.

काही बातम्यांवर मात्र त्याच दिवशी हालचाल करायची असते. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या त्रुटीतून पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये घुसवल्याचं उघड झालं, तेव्हा अनेकांनी व्हॉट्सॲप काढून टाकायची भाषा केली. करायचं होतं ते एकच, अपडेट. फोन, ब्राउझर, व्हॉट्सॲप यांच्या त्रुटीची बातमी दिसली की अपडेट टाका आणि कामाला लागा. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, अशा बातमीत तुम्हा-आम्हाला घरी बसून करण्यासारखं काहीच नसतं. ती वाचायची आणि सोडून द्यायची.

आता बाबा. त्यांनी यूपीआय बंद केलं त्याचा या बातमीशी खरं तर संबंध नाही. यूपीआय त्यांच्या सिमकार्डाशी आणि फोनशी बांधलेलं असतं आणि वर पिन लागतो. फेसबुकचा पासवर्ड फुटल्याने कुणी त्यांच्या यूपीआयमधून पैसे काढू शकत नाही. त्यांच्या फोनला धोका आहे तो दुसरीकडून, आणि तो लॅपटॉपच्या क्रॅकचाच भाऊ आहे. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलन' अशा नावाची फाइल येते, शेवटी 'एपीके' असं लिहिलेलं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. उघडलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर पुढे जातात. नंबर ओळखीच्या माणसाचा असला तरी भुलू नका, त्याचा फोन आधीच गेलेला असतो आणि तिथूनच फाइल पुढे पाठवली जाते. बाबांच्या फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला बाहेरची ॲप बसवायची परवानगी असेल तर ती आजच काढा. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली ॲप तपासणारी गूगलची सोय, चालू आहे का ते पाहा.

यूपीआय पुन्हा सुरू करताना त्यांना एक वेगळं बचत खातं जोडून द्या, ज्यात महिन्याच्या भाजी-औषधापुरतेच पैसे असतील. पेन्शन आणि ठेवींचं खातं यूपीआयला जोडूच नका. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ ग्राहकाला हे सुचवते, कारण मग घोटाळा झालाच तर नुकसानीला आधीच मर्यादा पडलेली असते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, हे त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

आणि तरीही काही झालंच, तर १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक लगेच फिरवायचा, त्याच वेळी बँकेलाही कळवायचं. पैसे चोराच्या खात्यातून पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम असा की चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलंत, तर ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाजूंनी, लवकर कळवण्यातच तुमचं हित आहे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तुमच्या त्याच वहीत लिहून ठेवा.

मुलगा काय सांगतो ते इथेच खाली कळवा. गेम कुठून उतरवला, साधारण कधी, आणि तेव्हा अँटिव्हायरस बंद केला होता का, एवढं लिहिलंत तरी पुरे. त्यावरून विंडोज नव्याने बसवायची गरज आहे की नाही ते सांगते. तोवर त्या लॅपटॉपवर बँकेचं पान उघडू नका.